फार्सुमाग्रूची वळकटी

“फार्सुमाग्रू करायचंय,” असं म्हटल्याबरोबर कोपऱ्यावरच्या खाटकानं हातातली सुरी खाली ठेवली आणि लांब पात्याची दुसरी उचलली. फार्सुमाग्रू म्हणजे सिसिलीतली सारण भरलेली बीफची वळकटी. तोवर मी नुसतं ७०० ग्रॅम मांस मागत होते आणि तो तुकडे करायच्या बेतात होता. आता त्यानं मागच्या मांडीचा बिनचरबीचा गोळा पुढे ओढला. इथे त्या भागाला फेसा म्हणतात. त्यात आडवी सुरी घातली, पार दुसऱ्या कडेपर्यंत नेली आणि बोटभर जागा उरल्यावर थांबवली. मग वरचा भाग पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटला. अंदाजे ३० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि करंगळीएवढा जाड असा एकसंध काप फळीवर पसरला. “दोरा आहे का घरी?” त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं, तर स्वतःच्या रिळातून दोन वाव सुती दोरा तोडून पुडक्यावर ठेवला.

इटलीत सगळीकडे खाटकाच्या दुकानाला माचेल्लेरिया म्हणतात. सिसिली बेटावरच्या आमच्या पालेर्मो शहरात मात्र कित्येक पाट्यांवर कार्नेत्सेरिया असं लिहिलेलं असतं. स्पॅनिश राजवट गेली, तिचा हा शब्द दुकानांवर राहिला. वसईहून आलेल्या मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आमच्याकडेही पोर्तुगीज गेले आणि पाव, पगार, बटाटा हे शब्द राहिले.

वसईला आमच्या घरी सणाला आणि लग्नाला मोठ्याचं मटण शिजतं. २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून ते म्हशीचंच असतं. त्यामुळे बीफ मला परकं नव्हतं. परकी होती ती त्याला हाताळण्याची ही रीत. आम्ही तुकडे करतो, मसाला लावतो, रश्श्यात शिजवतो. एक अख्खा काप घ्यायचा, कापडासारखा अंथरायचा, त्यावर सारण पसरून गुंडाळी करायची आणि बांधून शिजवायची, हे मी कधी केलं नव्हतं. गोव्यात रूलाद करतात, ती खाल्ली होती. पण तिचे छोटे छोटे रोल असतात. फार्सुमाग्रू म्हणजे हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतची एकच जाडजूड वळकटी.

सिसिलियनमध्ये फार्सुमाग्रू, इटालियनमध्ये फाल्सोमाग्रो. सरळ अर्थ ‘खोटा सडपातळ’. बाहेरून बिनचरबीचं साधं मांस दिसतं आणि आत खिमा, चीज, मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाड, गुलाबी सॉसेज), अंडी, मटार असा सगळा ऐवज दडलेला असतो. दुसरी एक व्युत्पत्ती फ्रेंचकडे बोट दाखवते. त्या भाषेत ‘फार्स’ म्हणजे सारण. नेपल्स आणि सिसिलीतल्या सरदार घराण्यांत फ्रेंच पद्धतीचे बल्लवाचार्य ठेवण्याची पद्धत होती आणि लोक त्यांना ‘मोन्सू’ म्हणत. ‘मस्य’ म्हणजे ‘महाशय’, या फ्रेंच शब्दाचंच हे इथल्या तोंडात बसलेलं रूप. नेपल्सची राणी मारिया कारोलिना ही फ्रान्सच्या मारी आंत्वानेतची बहीण. तिच्या काळात या मोन्सूंचा मान आणखी वाढला. फार्सुमाग्रू त्यांच्याच हातून आलं असं बरेच जण सांगतात. मला स्वतःला पहिला अर्थ जास्त पटतो, कारण हा पदार्थ मी श्रीमंतांपेक्षा साध्या घरांच्या रविवारच्या टेबलावरच पाहिला. बैल शेतात राबायचे आणि मांस महाग असायचं, अशा मुलखात ७०० ग्रॅमच्या एका कापावर आठ माणसं जेवू घालायची, तर आत काहीतरी भरावंच लागणार.

पहिला प्रयत्न फेब्रुवारीत केला आणि तो फसला. कसा फसला ते नीट सांगते, कारण मला हा पदार्थ समजला तो तिथेच.

वरच्या मजल्यावरच्या सिन्योरा आणि त्यांचे यजमान जेवायला येणार होते. सिन्योरांच्याच हातचं फार्सुमाग्रू मी आधी दोनदा खाल्लं होतं, त्यामुळे मनात होतं की त्यांना दाखवावं. ३०० ग्रॅम खिमा, पाच उकडलेली अंडी, फ्रीझरमधले मटार थेट पाकिटातून, चीजचे जाड तुकडे. भरपूर भरलं. जास्त भरलं म्हणजे जास्त प्रेम, असं कुठेतरी डोक्यात होतं. काप गुंडाळला तेव्हा दोन्ही कडा जेमतेम एकमेकींना टेकल्या. दोरा आवळून आवळून बांधला. सगळ्या बाजूंनी भाजला, टोमॅटोच्या रसात टाकला आणि पाहुणे यायची वेळ झाली म्हणून आच वाढवली. दीड तासानं झाकण काढलं तर दोन्ही टोकांतून खिमा बाहेर आला होता आणि एक अंडं रश्श्यात तरंगत होतं. टेबलावर गरमागरम घेऊन गेले, दोरा कापला, पहिली चकती कापायला सुरी टेकवली आणि अख्खी गुंडाळी उलगडली. मांस एकीकडे, अंडी एकीकडे, चीज ताटभर.

सिन्योरांनी काही न बोलता मोठा चमचा घेतला आणि सगळं चार ताटांत वाढलं. एक घास खाल्ला. मग म्हणाल्या, “चव बरोबर आहे. बांधणी चुकली.” जेवण झाल्यावर मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पातेल्यातला रस्सा चमच्यानं उचलून दाखवला. तो पाणीदार होता. “हे मटारचं पाणी. सारण ओलं असलं की ते धरून राहत नाही, घसरतं. आणि आच. क्यानू क्यानू.” हळू, हळू. सिसिलियनमधले हे दोन शब्द पोळी भाजण्यापासून पाऊस पडण्यापर्यंत कशालाही त्या म्हणतात. “आणि गरम कापायचं नाही. कधीच नाही.”

रात्री आईला फोन केला. तिनं हा पदार्थ कधी पाहिलेला नाही. मी सगळं वर्णन केलं. काप केवढा, सारण काय, दोरा कसा. ती ऐकत होती. मग म्हणाली, “अगं, टोकं दुमडलीस का?”

“कसली टोकं?”

“अळूवडीला काय करतेस? पानाच्या दोन्ही बाजू आधी आत घेतेस ना? मग वळकटी करतेस. तशीच सरळ गुंडाळलीस तर पीठ बाहेर येणारच की. कारल्याला आपण दोरा बांधतो तोही आडवा नुसता नाही बांधत.”

मी टोकं दुमडली नव्हती. अळूवडी मी शंभर वेळा केली असेल, पण मांसाच्या कापाला पान समजावं हे मला सुचलं नाही. पालेर्मोतल्या गृहिणीही बाजू आत घेतात, हे मी नंतर सिन्योरांच्या हाताकडे लक्ष देऊन पाहिल्यावर कळलं. त्या ते इतक्या सहज करतात की सांगण्यासारखी गोष्ट म्हणून त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नाही, ती उरलेलं मांस चावताना कळली. घास चिवट लागत होता, लांब लांब धागे दातात येत होते. मांसाला धागा असतो, एका दिशेनं जाणारा. चकती कापताना सुरी धाग्यावर आडवी पडली तर तंतू आखूड तुटतात आणि घास मऊ लागतो. म्हणजे धागा वळकटीच्या लांबीच्या दिशेनं हवा. मी काप उलट्या बाजूनं गुंडाळला होता. पण धागा लांबीत ठेवला की दुसरा प्रश्न येतो. उष्णतेनं स्नायूंचे तंतू लांबीत आखडतात, साधारण ६० अंशांच्या पुढे बरेच. म्हणजे वळकटी शिजताना आखूड होणार आणि आतला माल दोन्ही टोकांकडे ढकलला जाणार. टोकं बंद नसतील तर तो बाहेरच येईल. आईचं म्हणणं, सिन्योरांचं म्हणणं आणि हे, तिन्ही एकाच जागी येऊन मिळाली. मांस आखडणारच. त्याला जागा ठेवायची, दारं लावायची आणि आच इतकी मंद ठेवायची की ते सावकाश आखडेल.

एप्रिलमध्ये बाल्लारोच्या बाजारात शेंगांतले मटार आले. हा बाजार आल्बेर्गेरिया या जुन्या भागात भरतो आणि भाजीवाल्यांच्या आरोळ्यांनी दणाणतो. त्या सुरात ओढून मारलेल्या आरोळ्यांना इथे आब्बान्न्याता म्हणतात. मी किलोभर शेंगा घेतल्या, पातीचे कोवळे कांदे घेतले आणि काचोकावाल्लो घेतलं. इटलीच्या मुख्य भूमीवर हे चीज भोपळ्यासारखं गोल, गळ्याला दोरी बांधून टांगलेलं मिळतं. सिसिलीत ते लांबट विटेच्या आकाराचं असतं, आणि या पदार्थासाठी ते फार सोयीचं पडतं, कारण त्याच्या सरळ कांड्या निघतात. मोर्तादेल्लाचे पातळ काप ८० ग्रॅम. खाटकाकडून तोच ७०० ग्रॅमचा काप आणि २०० ग्रॅम खिमा. या वेळी दोरा मी आधीच आणून ठेवला होता.

रविवारी सकाळी साडेआठला सुरुवात केली. आधी मटार मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं उकळून गाळले आणि कापडावर पसरून अगदी कोरडे केले. चार अंडी नऊ मिनिटं उकडली. सोलल्यावर प्रत्येक अंड्याची दोन्ही टोकं, नुसता पांढरा भाग, सुरीनं उडवली. हे मी सिन्योरांकडे पाहिलं होतं. सपाट टोकं एकमेकांना भिडवून अंडी ओळीनं ठेवली की कुठेही चकती कापा, मधोमध पिवळा बलक येतो. कापून टाकलेला पांढरा भाग बारीक चिरून खिम्यात जातो, काहीही फुकट जात नाही.

खिम्यात एक कच्चं अंडं, दोन मुठी शिळ्या पावाचा चुरा, किसलेलं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज), चिरलेली पार्सली, मिरपूड, चिमूटभर जायफळ. मीठ अगदी थोडं, कारण चीज आणि मोर्तादेल्ला दोन्ही खारट. मसाल्याच्या डब्याकडे हात जातो, हे कबूल करते. मी जाऊ दिला नाही. या सारणाची गंमत चीज, अंडं आणि जायफळ यांच्या सौम्यपणात आहे. तिखट घातलं की ते आमच्याकडचं होईल आणि मग मी नेमकं काय शिकतेय हेच कळणार नाही. गोळा हातात दाबून पाहिला. बोटांना चिकटत नाही आणि फुटतही नाही, इतपत घट्ट हवा. पुरणाला जसा अंदाज लागतो तसाच.

काप दोन कागदांच्या मध्ये ठेवून वरवंट्यानं ठोकला. वरवंटा वसईहून आणलेला आहे, छोटा. ठोकायचं म्हणजे आपटायचं नाही, मधून कडेकडे सरकवत दाबायचं. जिथे खाटकानं पान उलटलं होतं तिथे मध्ये जाड शीर राहते, ती सपाट झाली पाहिजे. एक जागा पातळ होऊन फाटायला आली होती, तिच्यावर कडेचा एक लहान तुकडा कापून ठिगळासारखा ठेवला आणि दाबून बसवला. पुढे तो शिजताना चिकटून गेला, शोधूनही सापडला नाही.

मग धागा पाहिला. बोटानं मांस किंचित ताणलं की दिशा लगेच दिसते. काप असा फिरवला की धागा माझ्या डावीकडून उजवीकडे जाईल आणि गुंडाळी माझ्यापासून पुढे जाईल. त्यावर मोर्तादेल्ला अंथरला, पण चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर जागा मोकळी सोडून. मोर्तादेल्लावर खिम्याचा पातळ थर, अर्ध्या बोटाएवढा. त्यात मटार हलकेच दाबले. माझ्याकडच्या कडेजवळ अंड्यांची ओळ, दोन्ही अंगांना काचोकावाल्लोच्या कांड्या आणि कांद्याची अख्खी पात. एवढंच. परातीत खिमा उरला होता आणि तो भरायचा मोह झाला. त्याचे चार गोळे करून बाजूला ठेवले, ते नंतर रश्श्यात सोडले.

डावी-उजवी कडा आत दुमडली. आता हात ओळखीचे झाले. अळूवडीची वळकटी करताना अंगठे खाली आणि बोटं वर, दर फेऱ्याला जरा मागे ओढायचं आणि पुढे ढकलायचं, तसंच केलं. शेवटची कड सारणाच्या पलीकडे चार बोटं आली. पहिल्या वेळी ती जेमतेम टेकली होती. जोड खाली करून ठेवला आणि दोरा घेतला. आधी मधोमध एक गाठ, मग दोन टोकांना, मग मधल्या जागा तीन-तीन सेंटिमीटरवर, आणि शेवटी लांबीतून एक फेरा, टोकं मिटून धरण्यासाठी. दोरा मांसात रुतता कामा नये. रुतला तर शिजताना तिथेच काप तुटतो. बोटाचं नख दोऱ्याखाली सरकलं पाहिजे.

जाड बुडाच्या लांबट पातेल्यात ऑलिव्ह तेल तापवून वळकटी आधी जोडाची बाजू खाली करून ठेवली. तीन मिनिटं हलवली नाही. जोड असा भाजून चिकटला की पुढची काळजी निम्मी होते. नंतर सगळ्या बाजू खरपूस केल्या, टोकंसुद्धा चिमट्यानं उभी धरून. मग ती काढून त्याच तेलात कांदा परतला आणि अर्धा पेला नेरो द’आवोला ओतली. ही इथली गडद लाल वाइन. तिचा वास उडून गेल्यावर स्ट्रात्तू.

स्ट्रात्तूबद्दल थोडं बोलायलाच हवं. ऑगस्टच्या उन्हात टोमॅटोचा गर मीठ घालून लाकडी फळ्यांवर पसरतात आणि दिवसभर परतत राहतात. दर दिवशी तो आटतो, फळ्यांची संख्या कमी होते, आणि शेवटी टोपलीभर टोमॅटोंचा मूठभर गडद विटकरी गोळा उरतो. पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या गच्चीवर हे पाहिलं तेव्हा मला मे महिन्यातली आमची अंगणं आठवली, मिरच्या आणि सुकी मासळी आणि राखणीला बसवलेली मुलं. इथेही मुलांनाच बसवतात. सिन्योरांनी दिलेल्या बरणीतला दोन चमचे स्ट्रात्तू मी कोमट पाण्यात कालवून घातला, वर टोमॅटोचा गाळलेला रस, दोन तमालपत्रं. वळकटी परत आत ठेवली. रस अर्ध्या उंचीपर्यंत. काही घरांत टोमॅटो अजिबात घालत नाहीत, नुसती वाइन आणि कांदा. तेही एकदा करून पाहायचंय.

आच इतकी कमी की झाकणाखाली अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. सव्वा तास. दर वीस मिनिटांनी दोन चमच्यांनी पाव फेरा फिरवायची, टोचायचं नाही. दुसऱ्या फेऱ्याला टोक पाहिलं. बंद होतं. तिसऱ्याला पुन्हा पाहिलं. दोरे जरा घट्ट झाले होते, वळकटी बोटभर आखूड झाली होती, आणि रस्सा दाट, तकतकीत दिसत होता. त्यात खिमा नव्हता, अंडं नव्हतं.

मग सर्वांत अवघड काम. काढून लाकडी फळीवर ठेवली, वर कागद झाकला आणि पाऊण तास हात लावला नाही. या वेळात पाहुणे पहिलं ताट जेवतात. गाळलेल्या रश्श्यातला अर्धा पास्त्यावर जातो, आणि मांसाची सगळी चव तिथे आधीच भेटते. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. मांसाला थंड व्हायला वेळ हवा आणि भुकेल्या माणसांना तोवर काहीतरी, दोन्ही गरजा एका पातेल्यानं भागवल्या.

दोरे कात्रीनं एकेक कापले. धारदार सुरी, लांब ओढ, दोन सेंटिमीटरच्या चकत्या. पहिली चकती आडवी झाली आणि तशीच राहिली. बाहेर मांसाचं तपकिरी कडं, आत मोर्तादेल्लाची गुलाबी रेघ, खिमा, मटारचे ठिपके, वितळून पुन्हा धरलेलं चीज आणि मधोमध पिवळा बलक. दुसरीही तशीच. नऊ चकत्या आणि दोन टोकं निघाली. मटारचा रंग मात्र फिका पडला होता. पुढच्या वेळी उकळणार नाही, नुसते वाफवून घेईन.

चकत्या थाळीत मांडून वर गरम रस्सा ओतला. सिन्योरांनी थाळी आपल्याकडे वळवली, काट्यानं एका चकतीची कड उचलून खालून पाहिली, जोड कुठे आहे ते शोधलं. मग यजमानांच्या ताटात पहिली चकती घातली आणि स्वतःसाठी टोकाचा तुकडा घेतला. त्यात अंडं नसतं, नुसतं दुमडलेलं मांस आणि सारण. “हे मला,” एवढंच म्हणाल्या, आणि पावानं ताट पुसून काढेपर्यंत दुसरं काही बोलल्या नाहीत.

दोन चकत्या उरल्या. सोमवारी त्या फ्रीजमधून काढून थंडच पातळ कापल्या, कडक पावात घालून कामावर नेल्या. थंड झाल्यावर जायफळाचा वास जास्त कळतो. उरलेल्या रश्श्यात रात्री बटाटे शिजवले, आणि दुसरं टोक, जे मी कोणालाही दिलं नव्हतं, त्याच्याबरोबर खाल्लं.